बाभळीखालचं नाव

अश्विनातलं ऊन दिसायला कोवळं आणि स्वभावानं गांधीलमाशीच्या जातीचं. हळदीच्या रुंद पानांवर ते सकाळी तुपासारखं पसरतं आणि न्याहारीची भाकरी पोटात जाते न जाते तोवर मानेला डंख मारायला लागतं. अशा उन्हाच्या कडेला, परसातल्या पत्र्याच्या सावलीत, माझी लेक शालन उभी असते आणि तिचा डावा हात तिच्या अंगापासून वेगळा असतो. पावसानं झोडपलेली घार तारेवर बसून एकच पंख उघडा धरते, दुसरा मिटून घेते, आणि जवळ याल तर डोळा फोडीन अशा नजरेनं जगाकडं बघते, तशी ती. मनगटापासून कोपरापर्यंतची कातडी नव्या शाईनं काळवंडलेली, फुगलेली, ऊन लागलेल्या वांग्यासारखी तकतकीत. त्या हाताला ती कशाचाच स्पर्श होऊ देत नाही. पदराचा नाही, माशीचा नाही, माझ्या नजरेचा तर मुळीच नाही.

लेकीवर लिहायला बसलेली माणसं लेखणी दुधात बुडवून घेतात. चिमणी म्हणतात, तुळस म्हणतात, परक्याचं धन म्हणतात आणि दोन ओळींत डोळे पुसायला लागतात. शाळेत मी फार टिकलो नाही, पण नवरात्रात पोथी वाचतो आणि हाती येईल ते मासिक अक्षर लावत लावत का होईना शेवटापर्यंत नेतो. त्यामुळे हे दूध मी पुष्कळ प्यालेलो आहे. माझी लेक चिमणी नव्हे. ती चाळिशी ओलांडलेली, रुंद खांद्यांची, चालताना टाच आपटणारी बाई आहे. ती दारातून आत आली की भिंतीवरचं कॅलेंडर हलतं. तिच्याविषयी लिहायचं तर लेखणी शाईतच बुडवावी लागेल, आणि शाईशी तर माझं वैर आहे.

ती बोलते कमी. तिच्या मौनाला मी रिकामं भांडं समजत नाही. सांगलीकडं जमिनीच्या पोटात हळदीची पेवं असत. तोंडाशी अरुंद, आत माणूसभर खोल काळोख, आणि त्या काळोखात ठासून भरलेली हळद. तोंडावरची माती काढली की लगेच आत उतरायचं नसे, कारण आत कोंडलेली हवा माणूस गिळायची. थोडा वेळ बाजूला बसून वारा खेळू द्यायचा, मग पाऊल टाकायचं. शालनचं मौन त्या जातीचं आहे. शहाणा माणूस बाजूला बसून वाट बघतो. मी आयुष्यभर थेट आत उतरत आलो, गुदमरत आलो, आणि तरीही पुढच्या वेळी थेटच उतरतो, कारण स्वतःच्या लेकीच्या तोंडाशी ताटकळत बसणं मला कमीपणाचं वाटतं.

आता त्या हाताची गोष्ट. लग्नानंतरच्या पहिल्या जत्रेत नव्या सुनेच्या हातावर नवऱ्याचं नाव गोंदवायचं ही आमच्याकडची रीत. जत्रेच्या कडेला, बांगड्यांच्या दुकानाच्या पलीकडं, गोंदणारीण पाल ठोकून बसायची. तिच्यापुढं काजळीची वाटी, सुयांची जुडी, आणि पालात येणाऱ्या पोरींचा हुंदका झाकायला तिचं न थांबणारं गाणं. शालनच्या सासूनं तिचं मनगट धरलं होतं आणि मी रीतीप्रमाणे पाठीशी उभा होतो. सुई जाऊन येत होती, आणि पोरीनं तोंडातून आवाज म्हणून काढला नाही. तिचे फक्त पायाचे अंगठे मातीत रुतत गेले. गोंदून झाल्यावर गोंदणारणीनं हळद दाबली. ती हळद माझीच होती, माझ्या कमरेच्या पिशवीतली. उभी हयात मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळद पारखण्यात आणि हळकुंडांच्या पॉलिशच्या फिरत्या ड्रमापाशी काढली. माझा घाम पिवळा होता, माझी थुंकी पिवळी होती, माझ्या अंगठ्याचं नख अजून पिवळं आहे. सात दिवसांनी म्हणा, दहा म्हणा, खपली पडली आणि त्या माणसाचं नाव हिरव्या शिरेसारखं लेकीच्या हातावर उमटलं ते उमटलं.

ते नाव मी इथं लिहिणार नाही. माझ्या घरात ते घ्यायला बंदी आहे. त्या माणसानं दुसऱ्या गावात दुसरं बिऱ्हाड मांडलं, पोटी मूल नाही हे निमित्त पुढं केलं, आणि शालनला एका पिशवीनिशी आमच्या फाट्यावर उतरवून गाडीतून न उतरताच निघून गेला. ती चालत घरी आली. त्या दिवसापासून तो माणूस आमच्यापुरता संपला; राहिलं ते हातावरचं नाव. आणि नाव माणसाहून चिवट. ती भांडी घासायला बसली की ते पाण्यात चमकायचं, भाकरी थापायला बसली की पिठाखालून डोकवायचं, हळदी-कुंकवाला गेली की चार बायका ते वाचायच्या आणि पाचवी विचारायची, “हल्ली असतात कुठं तुमचे?” मग शालन लांब बाह्यांची पोलकी शिवून घ्यायला लागली. वैशाखातही लांब बाह्या. कुणी काही विचारलं नाही, कारण न विचारण्यानंच लोक जास्त विचारतात.

भाद्रपदात तिला महाबळेश्वरातून निरोप आला. तिथल्या एका हॉटेलच्या मुदपाकखान्यात भाकरी-पिठल्याला गावाकडची बाई हवी होती. पावसाळा सरून माणसं डोंगरावर यायला लागली की हंगामभर राहायचं, खोली मिळणार, जेवण मिळणार. तिच्या आईच्या भावकीतल्या एका बाईनं शब्द टाकला होता. पण तिथला नियम असा की पिठात हात घालणाऱ्या बाईच्या बाह्या कोपराच्या वर हव्यात. उघडा हात, आणि त्यावर तो माणूस. मला वाटलं, आता ही जायची नाही. मनातून बरंही वाटलं. लेकीनं परक्याच्या चुलीशी राबावं हे माझ्या कुळाला शोभत नाही.

ती एका सकाळी काही न सांगता सांगलीला गेली आणि दिवस कलताना परत आली तेव्हा तिचा हात मिठाईवाल्यानं बांधून द्यावा तसा पारदर्शक कागदात गुंडाळलेला होता.

“काय गं ह्ये?”

“गोंदलंय.”

“अजून?”

“वरनं.”

कागदाखाली बाभळीची फांदी होती. आडवी, काळी, काट्यांनी भरलेली. मोबाईलच्या दुकानाच्या माडीवर कुणी एक पोरगी मशीन घेऊन बसते. तिनं त्या नावाची एकेक रेघ धरून तिची डहाळी केली होती, काने होते तिथं काटे काढले होते, आणि अक्षरांच्या मधल्या जागेत दाट बारीक पाला भरला होता. काम वाईट नव्हतं, हे मी चीड बाजूला ठेवून सांगतो. सांगणं संपलं, चीड परत हाती घेतो.

“बाभळच सुचली व्हय? देवादिकाचं काय सुचलं न्हाई?”

“बाभळीला कुणी तोंड लावत न्हाई, आबा.”

“शेळ्या खात्यात की.”

“खाऊ द्यात. शेळी खाल्ल्या जागंला परत तर येती.”

तिची आई पदराआड हसली. मी हसलो नाही. एका बाईच्या हातावरचं नवऱ्याचं नाव पुसलं जाणं ही माझ्या लेखी हसण्याची गोष्ट नव्हे. तो माणूस नालायक असेल, आहेच, पण नाव देवापुढं घातलेलं होतं. असं मी तेव्हा म्हणालो आणि आजही म्हणतो.

खरी ठिणगी पडली ती मात्र दुसऱ्याच गोष्टीवरून. शालननं पिशवीतून एक पांढरी बाटली काढली. त्या पोरीनं तिला बजावून पाठवलं होतं: हात साध्या साबणानं हलका धुवायचा, पुसायचा नाही, नुसता टिपायचा, आणि हे मलम अगदी पातळ लावायचं. वासाचं काही लावायचं नाही, तेल चोपडायचं नाही, उन्हात न्यायचा नाही, खाजवायचा नाही. जखम कोरडी पडली तर खपली जाड धरते, जाड खपली निघताना नवी शाई घेऊन निघते, आणि मग खालचं जुनं नाव वर येतं.

“आणि हळद लावायची न्हाई म्हणाली,” शालन म्हणाली.

माझ्या कानात पॉलिशचा ड्रम फिरायला लागला. हळद लावायची नाही! जन्मलेल्या पोराच्या नाळेला जी लागते, नवरीच्या अंगाला जी लागते, कोयत्यानं तुटलेल्या बोटावर जी दाबली की रक्त सुद्धा आज्ञेत राहतं, त्या हळदीला हे कालचं मशीन नको म्हणणार? आणि ते कुठं, तर सांगलीत! गंगेच्या काठी उभं राहून पाण्याला हात लावू नका म्हणण्यातला हा प्रकार. मी उठून डब्यातली हळद वाटीत काढली, माझ्या शेतातली, डोळ्यांदेखत शिजवलेली, आणि तिच्यापुढं ठेवली.

“तुजं पैलं गोंदण हिनंच बरं झालं. टिकलं का न्हाई इतकी वर्सं?”

तिनं वाटीकडं बघितलं, मग माझ्याकडं. पेवाच्या तोंडावरची माती सरकली.

“व्हय आबा. टिकलं. त्येच तर दुखणं हाय.”

यावर माझा आवाज चढला. मी म्हणालो, ह्या घरात जखमेला हळदच लागंल, न्हाईतर काय लागणार न्हाई. मला वाटलं ती भांडेल. भांडली असती तर मी थोडं ओरडून, थोडं नमतं घेतल्यासारखं करून मोकळा झालो असतो. पण तिच्यात माझं रक्त आहे. तिनं “बरं” एवढंच म्हटलं, बाटलीचं टोपण घट्ट केलं आणि ती आईच्या मांडीवर ठेवली. “आई, घे. तुज्या टाचांना लाव.” हळदीची वाटी तिनं उचलली आणि परत डब्यात ओतली, एक कण न सांडता. दोन्हीतलं काहीच नाही, हे तिनं निवडलं होतं.

त्यानंतरचे दिवस एका आवाजाचे. ओली जखम सुकायला लागली की खाज सुटते, आणि खाजवायचं नसतं. म्हणून ती तळव्यानं हातावर हलक्या थापट्या मारायची. टप, टप, टप. भाकरी थापण्याचा आवाज मी तिच्या लहानपणापासून ऐकतो, तो भरलेला, ओलसर, भुकेला धीर देणारा. हा त्याचाच कोरडा भाऊ. दुपारी मी ओट्यावर आडवा पडलो की भिंतीच्या पलीकडून तो यायचा, मध्येच थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा, आणि तो थांबला की ती दात खाऊन बसली आहे हे मला भिंतीतून दिसायचं. कृष्णेचं पाणी ओसरल्यावर काठावरचा गाळ जसा आधी चकाकतो, मग मळकट होतो, मग त्याला भेगा पडून कडा वर वळतात, तसा तिचा हात होत गेला. काट्यांच्या टोकांवर जाड, काळसर खपल्या धरल्या. हात वाकवला की त्या तडकायच्या आणि मध्ये लाल रेघ दिसायची. ती हात वाकवेनाशी झाली. एका हातानं केस विंचरायला शिकली, एका हातानं पाणी ओढायला शिकली, आणि मी समोरून आलो की तो हात पाठीमागं न लपवता मुद्दाम पुढं धरायला शिकली.

घरात दुसऱ्या बाजूला माझी बायको रोज निजण्याआधी ओसरीत पाय पसरून बसायची आणि ती पांढरी बाटली हातावर उपडी करायची. चोळून झालं की टाचा माझ्याकडं वळवायची.

“आवं, बघा तरी. लग्नात न्हवत्या एवढ्या गुळगुळीत झाल्यात माज्या टाचा. आणि लेकीचा हात सालपटलाय. लय मोठी लढाई जिंकलासा.”

“मी काय बांधून ठेवलंय व्हय तिला? हळद हाय घरात.”

“हळद डोचक्यात गेलीया तुमच्या.”

मी कूस बदलायचो. माझ्या पाठीला ती काय काय म्हणायची ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मग ती सकाळ आली. शालन परसात कपडे पिळत होती. दोन्ही हात लागतात असं ते एकच काम तिला टाळता येत नव्हतं. चादरीला पीळ देताना तिच्या तोंडून श्वास निघाला, शब्द नव्हे, आणि मनगटाजवळची खपली ओल्या चादरीला चिकटून निघाली. मी चुलीसाठी लाकडं आणत होतो. खपली निघालेल्या जागी कातडी कोवळी, गुलाबी, उंदराच्या पिल्लासारखी. आणि त्या गुलाबीत, बाभळीचा पाला जिथं असायला हवा होता तिथं, एक हिरवी रेघ. जुनी. वळण घेतलेली. वाचायला अक्षर लागत नव्हतं. त्या वळणाला मी चांगला ओळखत होतो. तो माणूस माझ्या परसात, माझ्या पत्र्याखाली, माझ्या लेकीच्या हातातून डोकं वर काढत होता, आणि त्याला रस्ता मी करून देत होतो.

शालनलाही ती रेघ दिसली. तिनं लांब बाहीचं पोलकं दोरीवर वाळत घातलं, बाही हातानं सरळ केली, आणि तिच्या त्या सरळ करण्यातच मला कळलं की महाबळेश्वरचा रस्ता तिनं मनात बंद केला आहे. ती आता इथंच राहणार, झाकल्या हातानं, माझ्या ओसरीत, माझ्यासमोर, दर वैशाखात. मला हेच हवं होतं, असं कुणी म्हणेल. तसं हवं असेलही. पण त्या रेघेसकट नव्हे.

माझी दोन वैरं होती, एक त्या बाटलीशी आणि एक त्या माणसाशी. माणसाला एका वेळी एकच वैर नीट सांभाळता येतं. घरातली बाटली बायकोच्या टाचांत जिरून संपली होती; मी टोपी घातली आणि सांगलीची एस.टी. पकडली. बायकोनं विचारलं कुठं, मी म्हणालो कामाला. हे कुणी माया म्हणून वाचू नये. मी मायेनं निघालो नव्हतो. मी त्या माणसाला पुन्हा गाडायला निघालो होतो.

औषधाच्या दुकानात गल्ल्यावर एक बाई होती, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आवाज तराजूसारखा.

“नव्या गोंदणावर लावायचं मलम द्या. वास नसलेलं.”

“कुणाच्या गोंदणावर? तुमच्या?”

“माजं वय बघा, बाई.”

“हल्ली वयाचं काही सांगता येत नाही, आजोबा. सुजलंय का? पू वगैरे? ताप आहे? तसं असेल तर मलम नाही, डॉक्टर.”

“सुजलं न्हाई. सुकलंय. लेकीचं हाय.”

तिनं बाटल्या मांडल्या. मी एकेकीचं टोपण काढून नाकाशी धरलं. एकीत गुलाब मेलेला होता, एकीत बदाम. एक बाळाची म्हणून होती, तिला देवळातल्या उदबत्तीचा वास. एक डबी चिकट, मेणचट, बैलगाडीच्या आसाला घालावी तशी. ती बाईनंच बाजूला सारली, जाड थराखाली जखम कोंडते म्हणाली. नाकावर माझी भाकरी चालली होती. पोतं न उघडता हळद सेलमची की राजापुरी हे मी सांगायचो. त्या नाकाला आज हुकूम होता की ज्यात काहीच सापडत नाही तेच निवड. ज्याला वास नाही त्याचा स्वभाव कसा कळावा, त्याच्यावर भरवसा कसा टाकावा? वास नसलेली वस्तू म्हणजे नाव न सांगता दारात उभा राहिलेला पाहुणा.

मग तिनं एक पिवळी नळी पुढं केली. तिच्यावर हळकुंडाचं चित्र.

“हे न्या मग. हळद-चंदन. आपल्या सांगलीची माणसं हेच मागतात.”

मी टोपण काढलं. आत हळद नव्हती. हळदीचं सोंग होतं, रंग लावलेलं, अत्तर मारलेलं. पण खोटं बोलणार नाही: ती खरी असती, माझ्या स्वतःच्या शेतातली असती, तरी त्या क्षणाला माझ्या डोळ्यांपुढं ती हिरवी रेघच होती. यार्डात मी ज्या बोटांनी हळकुंडं पारखली त्याच बोटांनी ती नळी परत सारली.

“हळद नको,” मी म्हणालो. सांगलीत उभं राहून म्हणालो.

माझ्या पाठीमागं एक गडी उभा होता, अंगावर यार्डातली पिवळी धूळ, डोकेदुखीची गोळी घ्यायला आलेला. तो खदाखदा हसला. “ऐका! सांगलीत येऊन म्हातारा हळद नको म्हनतोय!”

“तुज्या लग्नाला ठेव की रं,” मी म्हणालो. “झालं नसंलच अजून.”

दुकान हसलं. मी हसलो नाही. बाईनं खालच्या फळीवरून एक साधी पांढरी बाटली काढली, चित्र नसलेली, आणि मी ती हुंगली. काही नाही. विहिरीच्या तळाला वाकून बघावं आणि आपलं तोंडसुद्धा दिसू नये, तसं काही नाही. तीच घेतली. “पातळ लावायला सांगा हं,” ती पाठीमागून म्हणाली, “चोपडायचं नाही, आणि खपली ओढायची नाही.” माडीवरच्या पोरीचेच शब्द, घासून पुसून. सगळ्या जगानं माझ्याविरुद्ध एकच पाठ केलेला.

घरी आलो तेव्हा शालन ओट्यावर शेंगा फोडत बसली होती, एका हातानं. मी बाटली तिच्या सुपाशेजारी ठेवली.

“घरात चालंल का ही?” तिनं वर न बघता विचारलं.

“त्येचं नाव वर आलेलं माज्या घरात चालायचं न्हाई.”

तिनं टोपण काढलं, हुंगलं. बराच वेळ हुंगलं.

“वास न्हाई हिला.”

“न्हाई. शोधून आणलीया.”

ती उठली, हात धुतला, जुन्या धुवट कापडानं टिपला, आणि सावलीत बसून करंगळीशेजारच्या बोटावर हरभऱ्याएवढा थेंब घेतला. तव्यावरच्या भाकरीवर बाई ज्या हलक्या हातानं पाणी फिरवते, कोरडं राहू नये आणि डबकंही होऊ नये असं, कडेपासून आत, आतून कडेला, तशी ती त्या बाभळीवरून बोट फिरवत गेली. एवढी सावकाश मी तिला कधी बघितली नव्हती. जिथं हिरवी रेघ होती तिथं तिचं बोट थांबलं नाही, चुकवूनही गेलं नाही. शेतातून जाणारी वाट जशी कुणाच्या समाधीशेजारून जाते, तसं ते शेजारून सरकलं. तिच्या चेहऱ्यावर मला माफी दिसली नाही. आभार तर नाहीच. उन्हाची तिरीप पत्र्याच्या भोकातून तिच्या मनगटावर पडली होती आणि त्या प्रकाशात ओलसर कातडी पहिल्यांदा जिवंत माणसाची दिसत होती. मी तिथून उठून गेलो. असल्या गोष्टी बघत बसणं मला जमत नाही.

हळूहळू आवाज बंद झाला. भिंतीपलीकडची टपटप विरळ झाली, मग थांबली. भेगा मऊ झाल्या, कडा बसल्या, उरलेल्या खपल्या आपण होऊन गळाल्या, कुणी न ओढता, पिकल्या पानासारख्या. बाभूळ धरली. मनगटाजवळ एका जागी मात्र पाला विरळ राहिला, आणि माहीत असलेल्या डोळ्यानं बघितलं तर तिथं हिरवट सावली दिसते. मी म्हणालो, जा, त्या पोरीकडून बुजवून घे. शालननं हात उन्हात धरला, उलटा केला, सुलटा केला. “झाडाला सावली असतीच की, आबा,” म्हणाली आणि कामाला लागली. यावरही मी पुष्कळ बोललो. तिनं ऐकून घेतलं नाही.

दिवाळीचे दिवे उतरले आणि ती गेली. आखूड बाह्यांची दोन पोलकी तिनं शिवून घेतली होती, फिकी, स्वस्तातली. त्यातलं एक अंगात घालूनच फाट्यावर उभी राहिली. तोच फाटा. एस.टी. आली, तिनं डाव्या हातानं दांडा धरला, आणि त्या उघड्या हातावर सकाळचं सगळं ऊन पडलं. चार माणसांनी बघितलं. आत एक म्हातारी म्हणाली, “कसलं झाड गं बाई?” शालननं सांगितलं, “बाभळ.” म्हातारी सरकली, शालन बसली, गाडी गेली. तिनं मागं वळून बघितलं नाही. मीही हात केला नाही. आमच्यात ती पद्धत नाही.

आता ती तिथं वर, ढगांच्या शेजारी, पिठात हात घालून उभी असेल, आणि ज्या बायका तिच्याबरोबर भाकऱ्या थापतात त्यांच्या लेखी तिच्या हातावर एक झाड आहे, आधीपासूनच होतं असं झाड. तिच्या आईला विचारलं तर तीही आता त्या नावाचं वळण विसरली म्हणते. मला मात्र ते डोळे मिटले की दिसतं, कान्यासकट, मात्रेसकट, पहिल्या दिवशीच्या काजळीइतकं काळं. काळ जखमा बऱ्या करतो म्हणतात. माझं तसं मत नाही. काळ एका कातडीवरचं नाव उचलून दुसरीवर ठेवतो इतकंच, आणि जाणारी माणसं विसरणं आपल्याबरोबर घेऊन जातात, आठवण मागं राहणाऱ्यांच्या अंगावर उघडी पडते, आणि तिला लावायला पातळ असं काही कुठल्याच दुकानात मिळत नाही.